बिनशिक्क्याच्या पाच वड्या

"शिक्का नसलेली वडी दाराबाहेर जाऊ देऊ नकोस. हाक मारली तर ती परत येत नाही."

आत्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी या घरात नवी होते आणि मला सगळ्याचंच हसू यायचं. साबणाला हाक कोण मारतं?

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्या सासर सोडून इथे परत आलेल्या. आल्या त्या दिवसापासून कापणीचं टेबल त्यांचं. हंड्यातला साबण लाकडी साच्यात ओतायचा, रात्रभर गोठू द्यायचा आणि दुसऱ्या सकाळी तारेनं कापायचा. मधल्या वड्या चारही बाजूंनी गुळगुळीत निघतात, त्यांच्यावर हंड्याचा क्रमांक दाबला जातो. कडेच्या वडीची एक बाजू मात्र साच्याच्या फळीला चिकटलेली असते. ती ओबडधोबड निघते, शिक्का धड बसत नाही, म्हणून आत्या ती सरळ किसणीवर घेत. मला ते बघवत नसे. बऱ्यातल्या बऱ्या उचलून मी सुकवायच्या मांडणीत सगळ्यात खालच्या फळीवर सरकवायला लागले. घरात वापरायला होतील, कुणी ओळखीचं आलं तर हातावर ठेवता येतील. आत्यांनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा नुसतं बघितलं. मी शिकलेली, नोंदींचं सगळं काम माझ्याकडे आलेलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं एकेक खूळ असतं, असू दे.

त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कापणीच्या टेबलाभोवती उभे होतो. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या, त्यामुळे चहा ज्याचा त्यानं करून घेतलेला आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा बरा वाटत होता. माझी मुलगी, वय वर्षं दोन, घरात नाव पिल्लू, टेबलाखाली रिकाम्या खोक्यात बसून झाकण उघडत होती आणि लावत होती. मी एक कान तिच्याकडे ठेवूनच सगळं ऐकते, ही माझी जुनी सवय. तेवढ्यात धाकट्या भाऊजींचा फोन वाजला आणि त्यांनी आलेला निरोप सगळ्यांना वाचून दाखवला. तेलवाल्याचा होता. दोन महिन्यांपूर्वी सूर्यफुलाच्या तेलाचे जे डबे आम्हाला पाठवले, त्यातल्या एकात चुकून बदामाचं तेल भरलं गेलं होतं. डब्याचा क्रमांक दिला होता. फार फार माफी मागितली होती.

"महागाचा माल स्वस्तात दिला आणि वर माफी मागतोय," भाऊजी म्हणाले. "असे चुकणारे अजून दोन-चार मिळाले पाहिजेत."

माझा नवरा हसला. सासरेही हसले. मी हसू शकले नाही. आमच्या लहान मुलांच्या साबणाच्या खोक्यावर, वरच्याच बाजूला, मी स्वतः आग्रह धरून छापून घेतलेली ओळ आहे की यात कुठल्याही प्रकारच्या दाण्याचं किंवा बदामाचं तेल नाही. आणि ती ओळ वाचून दोन आठवड्यांपूर्वी एक बाई आमच्या विक्रीच्या खिडकीशी थांबली होती.

बाळ तिच्या छातीशी बांधलेलं होतं, असेल आठ-नऊ महिन्यांचं. तिच्या बोटांना शिंप्याचा निळा खडू लागलेला. खोकं उलटसुलट करून तिनं सगळी बारीक अक्षरं वाचली, मी वाचते तशी, ओठ हलवत. मग विचारलं, बदाम नक्की नाही ना यात? मी म्हटलं, नाही. म्हणाली, ह्याला बदामाचा नुसता हात लागला तरी ओठ सुजतात, एकदा श्वास कोंडला, थेट दवाखाना गाठला. परत विचारलं, नाही ना? मी म्हटलं, नाही. जाताना मागे वळून तिसऱ्यांदा विचारलं. आणि तिसऱ्यांदा सांगताना मला तिचा इतका लळा लागला, माझ्याइतकी घाबरणारी कुणी तरी आहे याचं इतकं बरं वाटलं, की मी तिला खोकं ठेवून द्यायला लावलं, खालच्या फळीवरून पाच वड्या निवडून कागदात गुंडाळल्या आणि तिच्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. नाव विचारलं नाही.

हे सगळं मला त्या टेबलाशी एका क्षणात आठवलं आणि मी कुणाला काहीच बोलले नाही. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं.

उलट मी कामाला लागले. मला ते काम येत होतं. भाऊजींनी डब्याचा क्रमांक सांगितला, मी कार्डांची पेटी उघडली. प्रत्येक हंड्याचं एक कार्ड: कुठल्या डब्यातलं काय पडलं, कुठल्या दिवशी, साच्यातून किती वड्या निघाल्या, पाच आठवडे सुकून मांडणीवरून कधी उतरल्या, कुठल्या दुकानात गेल्या. कार्ड चाळताना भीती जरा मागे सरली आणि दुसरंच काही तरी वाटायला लागलं. एका डब्याच्या तेलाचा माग काढत जाणं, एखाद्या माणसाच्या मागे रस्त्यानं चालत जावं तसं. डबा पडला होता, माझी पेटी सुरू झाल्यापासून मोजलेल्या, एकशे बाराव्या हंड्यात. सबंध डबा, एकाच हंड्यात. त्याच्या वड्या चार दुकानांत गेल्या होत्या. दहा मिनिटांत माझ्याकडे सगळं होतं.

"बघा," भाऊजी म्हणाले, "उगाच नाही म्हणत मी वहिनींना तपासणी खातं. एक हंडा, चार दुकानं. चार फोन करतो, माल उचलतो, जेवायच्या आत विषय संपला."

आत्या तार पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि कीस?"

खोक्याचं झाकण तेवढं वाजत राहिलं.

आमच्या घरात त्याला जुनं घालणं म्हणतात. हंडा चढला की त्यात आधी आदल्या हंड्याच्या साबणाचा कीस पडतो, मोठं पातेलं भरून. त्यानं वास तोच राहतो, रंग तोच राहतो, असं सांगतात. माझ्या आजेसासूबाई हे करायच्या. त्या आजारी पडल्या त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत हंड्याशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेवटच्या हंड्याचा कीस आजेसासऱ्यांनी पुढच्या हंड्यात घातला, त्याचा त्याच्या पुढच्या. तेव्हापासून चाळीस वर्षं तो धागा तुटलेला नाही. जुनं घालायचं ते सासऱ्यांनीच. दुसऱ्या कुणाला ते पातेल्याला हात लावू देत नाहीत. आणि मी इतकी हुशार, इतक्या नोंदी ठेवणारी, माझ्या कार्डावर प्रत्येक डब्याला रकाना होता, जुन्याला नव्हता. ते सामान आहे असं माझ्या कधी मनातच आलं नाही. ते घरचं होतं.

एकशे बारानंतर सोळा हंडे झाले होते.

भाऊजींचा चेहरा उतरला त्याचं कारण मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. त्यांनी नंतर सांगितलं. मोठ्या दुकानांच्या साखळीची एक खरेदीवाली बाई आहे, तिच्याशी त्यांचं सहा महिने बोलणं चाललं होतं. तिला किमतीत फारसा रस नव्हता. तिला एवढंच हवं होतं की गिऱ्हाइकानं कुठलीही वडी हातात घेऊन विचारलं, हे कशाचं बनलंय, तर उत्तर तेलाच्या डब्यापर्यंत पोचलं पाहिजे. भाऊजींनी छाती ठोकून सांगितलं होतं: एक वडी, एक क्रमांक, एक हंडा. सांगताना ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही जुनं हे सामान वाटलं नव्हतं. आता त्या बाईला सांगायचं की आमच्या एका वडीत सोळा हंडे आहेत, सोळा कसले, चाळीस वर्षांचे आहेत? लहानपणापासून घरात ज्याला कुणी गंभीरपणे घेतलं नाही त्या मुलानं एकदा काही तरी मोठं जमवून आणलं होतं, आणि ते पातेलंभर किसानं जाणार होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नोंदींच्या बाजूची, म्हणजे त्यांच्या बाजूची, असं त्यांनी धरलं होतं.

"कार्डावर नाही ना ते?" त्यांनी मला हळूच विचारलं. "मग झालं तर. कार्डावर एकशे बारा आहे. एकशे बाराच सांगायचं."

मी म्हटलं, पिल्लूला भूक लागली असेल, आणि तिला उचलून वर गेले.

तिला काही भूक लागलेली नव्हती. मला कपाट उघडायचं होतं. त्या बाईला पाच वड्या दिल्या तेव्हा त्यांच्याच जोडीच्या दोन मी स्वतःसाठी ठेवल्या होत्या. एक मोरीत झिजून बदामाएवढी झाली होती, आणि नेमका हाच शब्द मनात आला. दुसरी पिल्लूच्या कपड्यांत वास यावा म्हणून ठेवलेली, तशीच होती. मी ती खिडकीशी नेली. खालच्या फळीवरच्या ढिगात निरनिराळ्या हंड्यांच्या वड्या एकत्र पडलेल्या असत, म्हणजे ही कुठल्या हंड्याची हे देवालाच ठाऊक. एकशे अकराची असू शकते. एकशे दहाची असू शकते. मी किती वेळ तशी उभी होते, आकड्यांची मनधरणी करत, ते सांगता यायचं नाही. वडीच्या खडबडीत बाजूवर रेघा होत्या, जवळजवळ, समांतर, मध्येच एका ठिकाणी वळण घेऊन परत सरळ होणाऱ्या. त्या रेघांसाठीच तर मी त्या निवडल्या होत्या. ढिगात अशा सातच होत्या, बाकीच्या ओबडधोबड. त्या बाईच्या बाळानं त्यांच्यावरून बोट फिरवलं होतं आणि आम्ही दोघी हसलो होतो.

पिल्लूनं वडी माझ्या हातातून घेतली आणि जिभेला लावली. तिला काही होत नाही. तिला कधीच काही झालेलं नाही. तरी मी तिचं तोंड पुसलं, मग धुतलं, मग दिव्याखाली ओठ बघितले. मग दोघींना घेऊन, म्हणजे मुलीला आणि वडीला, खाली आले.

खाली वारं फिरलं होतं. मी वर गेले तेव्हा आत्या एकट्या पडल्या होत्या. आता माझा नवरा त्यांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसला होता. तो फारसं बोलत नाही. घरातले साचे, मांडण्या, तारेची चौकट सगळं त्याच्या हातचं, आणि वादात त्याचं मत कुठे आहे ते तो कुठे बसलाय त्यावरून ओळखायचं असतं. भाऊजी येरझाऱ्या घालत होते. आणि सासऱ्यांनी, सगळ्यांना नवल वाटेल असं, माझं एक कोरं कार्ड घेऊन त्यावर पेन्सिलीनं काही तरी मांडायला घेतलं होतं.

"पातेलं म्हणजे हंड्याचा विसावा भाग," ते स्वतःशीच म्हणत होते. "म्हणजे एकशे तेरात विसावा. चौदात त्याचा विसावा, चारशेवा. पंधरात..." त्यांनी खोडलं, परत लिहिलं. "आठ हजारावा. सोळात एक लाख साठ हजारावा." त्यांनी चष्मा वर ढकलला. आयुष्यभर ज्या रस्त्यानं चाललो त्याची लांबी कुणी तरी पहिल्यांदाच सांगावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर संपत असेल."

"म्हणजे बदाम गेला," भाऊजी म्हणाले. "बाबांनीच सांगितलं. एकशे बारा, फार तर तेरा. बाकीचं निव्वळ नावाला."

मी वडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. खिडकी, बाळ, तीनदा विचारलेला प्रश्न, पाच वड्या. सांगताना मी आत्यांकडे बघत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. वडी उचलली, नाकाशी नेली, अंगठा रेघांवरून फिरवला आणि माझ्या नवऱ्यापुढे धरली.

"ही फळी तुझी ना रे?"

त्यानं बघितलं, आणि मला त्याच्या मानेवरून कळलं. साच्याची एका बाजूची फळी फुगली होती म्हणून त्यानं नवी बसवली होती. घाई होती, रंधा न मारता तशीच बसवली. दुसऱ्या दिवशी आत्यांना त्या बाजूच्या वड्या सुटेनात, लाकडाच्या रेघा साबणात उमटलेल्या. आत्यांनी त्याला चार शब्द ऐकवले आणि त्यानं तिथल्या तिथे फळी रंधून गुळगुळीत केली. म्हणजे त्या रेघा एकाच हंड्यावर उमटल्या होत्या. कुठल्या, ते त्याला विचारावं लागलं नाही. तो दिवस त्याला पक्का लक्षात होता, कारण त्याच दिवशी तेलाचे डबे आले होते आणि रंधा मारायचा सोडून तो डबे उतरवायला गेला होता.

"एकशे बारा," तो म्हणाला.

मी ज्या बिनशिक्क्याच्या म्हणून दिल्या त्यांच्यावर शिक्का होता. घरात सगळ्यांना वाचता येत होता, माझ्याखेरीज.

भाऊजी खाली बसले. कपाळ दाबत म्हणाले की त्या बाईला शोधायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. कुणाचं लेकरू असलं तरी लेकरूच. पण वहिनी, ते एकशे बाराचं झालं. सोळा हंडे परत बोलावले तर सगळ्या दुकानांतून आपलं नाव जाईल, मांडणीवर दहा हंड्यांचा माल सुकतोय तोही गेला, आणि तो कशासाठी, तर लाखातल्या एका भागासाठी. त्यांचं म्हणणं वेड्यासारखं नव्हतं. त्या बाईनं मला विचारलं होतं, बदाम नाही ना. तिनं किती आहे असं विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं. भाऊजी म्हणाले, कागद सांगतोय ना नाही म्हणून, बाबांनी समोर मांडून दाखवलंय. आणि सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले.

सासरे कार्डाकडे बघत होते. त्यांना मी इतकी वर्षं बघते आहे. सकाळी पातेलं उचलताना ते खोलीत एकटेच असल्यासारखे वागतात. कीस हंड्यात उलटा करतात, पातेलं तळाला थापटतात, चिकटलेलं बोटांनी पुसून काढतात, एक कण ठेवत नाहीत. एकदा मी विचारलं होतं, एवढं कशाला, बाबा? म्हणाले, आई अशीच करायची. ती गेली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांनी तिचा फोटो कधी लावला नाही. म्हणायचे, रोज हाताला लागते, फोटो कशाला हवा.

आत्यांनी तार खाली ठेवली.

"दादा, एक सांग. आई अजून वडीत आहे ना?"

"आहे."

"चाळीस वर्षांपूर्वीच्या हंड्यातली."

"आहे म्हटलं ना."

"मग दोन महिन्यांपूर्वीचा बदाम चार हंड्यांत कसा संपला?" आत्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, पोराला गणित समजावून द्यावं तसा होता. "तुझ्या कागदानं बदाम गेला असेल, तर आई कधीच गेली. आणि आई असेल, तर बदामही आहे. एक कुठलं ते तू ठरव. दोन्ही तुला मिळायचं नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला. काचा सदऱ्याला पुसल्या, परत लावला, परत काढला. पुढे कधी तरी त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांना बहिणीचा राग आला नाही, नवल वाटलं. हा प्रश्न इतकी वर्षं पातेल्यात पडून होता आणि आपल्याला दिसला कसा नाही. ते म्हणाले, मी मनात आकडा पुढे पुढे नेत होतो. दहावा हंडा, विसावा. मग थांबलो. पुढे मला जायचं नव्हतं.

त्यांनी कार्ड उलटं ठेवलं.

"आई आहे," ते म्हणाले. मग भाऊजींकडे वळून: "सगळे सोळा. आणि एकशे बारा. सगळ्यांना फोन कर."

भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. पण ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून त्यांचा आवाज येत होता, आधी दुकानांशी, भराभर, मग एकाच कुणाशी तरी, सावकाश. ती खरेदीवाली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, कीस, आजी, चाळीस वर्षं, नवी फळी, सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाली, हे तुम्ही मला स्वतःहून सांगताय? भाऊजी म्हणाले, हो. तिनं हंड्यांची यादी मागितली. पुढचं पुढे बघू म्हणाली.

इकडे टेबलाशी एक वेगळीच अडचण उभी होती, आणि ती मलाच आधी दिसली, कारण आता मी किसाकडे सामान म्हणून बघत होते. सतराही हंडे बाद, म्हणजे त्यांचा कीसही बाद. उद्याच्या हंड्यात घालायला जुनं नाही. धागा तुटणार होता. सासऱ्यांना हे ठरवतानाच कळलं होतं असं मला वाटतं, कारण ते रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसले होते आणि पिल्लू त्यावर ताल धरत होती, आणि ते तिला थांबवत नव्हते.

भाऊजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक वडी होती. प्रत्येक हंड्याची एक वडी आम्ही नमुना म्हणून मागच्या खोलीत ठेवतो, वर्षभर. तिच्यावर शिक्का होता: एकशे अकरा.

"एवढ्याचा कीस पातेलंभर होणार नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या म्हणण्यानं, बाबा, थोडं असलं तरी असतंच ना?"

सासरे हसले. आत्यांनी वडी घेतली आणि किसणी पुढे ओढली, मग थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. "आधी लिही," म्हणाल्या. मी नवं कार्ड घेतलं, एकशे एकोणतीस, आणि पहिल्याच ओळीत, तेलाच्याही आधी, लिहिलं: जुनं, हंडा एकशे अकरा, एक वडी. आता प्रत्येक कार्डावर तो रकाना असतो.

संध्याकाळपर्यंत शिक्क्याच्या जवळजवळ सगळ्या वड्यांचा पत्ता लागला. त्या हाक मारल्यावर आल्या. दुकानांनी गिऱ्हाइकांना कळवलं, लोक खोकी घेऊन आले. एका गृहस्थानं अर्धी झिजलेली वडी कागदात घालून आणून दिली आणि क्रमांक जाऊ नये म्हणून आपण ती एकाच बाजूनं वापरतो असं सांगितलं. का, ते त्यालाही सांगता येईना.

त्या पाच मात्र आल्या नाहीत. नवरा आणि मी पिल्लूला घेऊन खिडकीसमोरच्या रस्त्यानं दोन्ही टोकांपर्यंत गेलो. शिवणकामाची जेवढी दुकानं सापडली त्यांत विचारलं. निळा खडू सगळेच वापरतात. दवाखान्यात विचारलं, त्यांनी बरोबरच केलं, काही सांगितलं नाही, पण चिठ्ठी घेऊन ठेवली. एका दुकानात एक बाई म्हणाली, असं बाळ बांधून कुणी तरी यायची इथे काम न्यायला, दहा-बारा दिवस झाले दिसली नाही, बहुतेक घर बदललं. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. आम्ही खिडकीवर कागद लावला आहे, अजून आहे तो, ऊन लागून पिवळा पडला की मी नवा लिहिते. रोज सकाळी खिडकी उघडताना मी आधी रस्त्याच्या त्या टोकाकडे बघते. माझी मुलगी झोपेत कूस वळली तरी मला जाग येते आणि मला दुसऱ्याच एका बाळाचा श्वास ऐकू येतो.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या जिन्यात, समोरच्या दारी, गल्लीत नव्यानं राहायला आलेली कुणी असेल. शिवणकाम करणारी, बोटांना निळा खडू, बाळ छातीशी बांधलेलं. आता ते चालायला लागलं असेल. वस्तू विकत घेण्याआधी ती सगळं वाचते, ओठ हलवत. तिच्या दारावर टकटक करा. साबण मागा, बघायला म्हणून. पांढरट वडी, शिक्का नाही, एका बाजूला लाकडाच्या रेघा, जवळजवळ, मध्येच एक वळण. वापरून रेघा गेल्या असतील तर विचारा, खिडकीतून एका बाईनं फुकट दिल्या होत्या का. हो म्हणाली तर सांगा, त्यात बदाम आहे. मी तीनदा नाही म्हटलं होतं, तेही सांगा. आणि आधी, आत पाऊल टाकताच, बाळाकडे बघा.